बाणाई अर्ध्या वाटेवर का बसली?

तुमच्या फोनमध्ये कथांचं एखादं अ‍ॅप असेल, तर हा नायक तुम्हाला नक्की भेटला असेल. वय चारशे वर्षं, कधी सातशे, पण दिसायला पंचविशीचा. अंगावर तलवारीचे वार घेऊनही जिवंत राहिलेला योद्धा. मरण येत नाही म्हणून जगण्याला कंटाळलेला, कुणाशी फारसं न बोलणारा. आणि एके दिवशी त्याला ती दिसते. साधीसुधी, कॉलेजात जाणारी किंवा नोकरी करणारी, सर्दी झाली की तीन दिवस शिंकणारी. तो म्हणतो, इतकी शतकं मी तुझीच वाट पाहत होतो.

माझी भाची असल्या कथा रात्री जागून वाचते. ती शिकायला इथे म्हैसूरला माझ्याकडे असते. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी, त्यामुळे कथाही तिन्ही भाषांतल्या. तिच्या नादानं मीही वाचायला लागले आणि खरं सांगते, दोन-तीन रात्री माझीही झोप गेली. तेव्हा या कथांना नाकं मुरडायचा माझा विचार नाही.

त्यांची ओढ मला कळते. वयात आलेल्या मुलीच्या आजूबाजूला सगळेच घाईत असतात. आई घाईत, सर घाईत, बरोबरीची मुलं तर मेसेजला दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की रुसणारी. अशात कुणीतरी असा येतो, ज्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि तो सगळा तिच्यासाठी आहे. शिवाय तो शूर आहे. कुणाला नाही आवडणार?

पण या कथांच्या शेवटाशी माझी गाडी अडते. शेवट बहुतेक दोनच प्रकारचे. 1986 साली आलेला 'हायलँडर' हा सिनेमा काहींना आठवत असेल. त्यात स्कॉटलंडचा एक अमर तलवारबाज आहे. त्याची बायको हेदर हळूहळू म्हातारी होते आणि त्याच्या कुशीत मरते. तो तसाच तरुण राहतो. दुसरा शेवट 'ट्वायलाइट'चा. 2005 साली सुरू झालेल्या त्या कादंबऱ्यांच्या अखेरीला नायिकाच आपलं माणूसपण सोडून नायकासारखी होते. म्हणजे तिनं एक तर मरायचं, नाहीतर बदलायचं. तो आहे तिथेच.

आणि एक प्रश्न कुणी विचारतच नाही. लग्नानंतर ती राहते कुठे? तिच्या माणसांचं काय? त्या सातशे वर्षांच्या जावयाला तिची आई काय म्हणून हाक मारते?

हसू नका. हा प्रश्न आपल्याकडच्या गोष्टींनी फार गंभीरपणे विचारला आहे. कारण अमर योद्धा आणि मर्त्य मुलगी ही गोष्ट आपल्याला अ‍ॅपनं शिकवलेली नाही. ती आपल्या कुलदैवताची गोष्ट आहे.

दसऱ्यातला गोरव

म्हैसूरचा दसरा टीव्हीवर पाहिला असेल, तर सोन्याच्या अंबारीतली चामुंडेश्वरी तुम्हाला माहीत असेल. पण अंबारी यायच्या आधी तासन् तास कलापथकं जात असतात. त्यात काळ्या केसाळ टोप्या घातलेली, हातात डमरू घेतलेली माणसं नाचत येतात. टोपी अस्वलाच्या केसांची. हे गोरव, आणि हा नाच गोरवर कुणित. त्यांचा देव मैलारलिंग.

इथे आलेल्या मराठी पाहुण्यांना मी मुद्दाम सांगते, की हा नाच नीट बघा, ही आपलीच माणसं आहेत. कारण मैलार म्हणजे आपला खंडोबा. घोड्यावरचा, हातात खड्ग घेतलेला, मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा. आपले वाघ्ये तसे त्यांचे गोरव. जेजुरीला जशी धनगरांची गर्दी, तशी कर्नाटकातल्या मैलारच्या जत्रेला कुरुबांची. कुरुब म्हणजे इकडचे धनगरच. खंडोबाचं मंगसुळीचं ठाणं तर बेळगाव जिल्ह्यात आहे. सरकारनं राज्यांच्या हद्दी आखल्या, पण देवाच्या घोड्याला त्या कुणी दाखवल्या नाहीत.

आता या योद्ध्याचा संसार बघा. त्याची पहिली बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याच्या घरची. ती पार्वतीचा अवतार मानली जाते. विधिवत लग्नाची, गडावर मान असलेली. सगळं रीतसर. आणि मग त्याच्या नजरेला बाणाई पडते.

अर्ध्या वाटेवरचं देऊळ

बाणाई ऊर्फ बानू धनगराची. मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारी. खंडोबा तिच्यावर भाळला खरा, पण घरी म्हाळसा. मग त्यानं म्हाळसेशी सारीपाट मांडला. जो हरेल त्यानं बारा वर्षं वनवासात जायचं. देव हरला. मुद्दाम हरला हे सांगायला नकोच. आणि गेला कुठे, तर चंदनपुरीला, बानूच्या वाड्यावर. म्हाताऱ्याचं रूप घेऊन तो तिच्या घरी मेंढरं राखणारा गडी म्हणून राहिला.

माझ्या भाचीला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती इथे थांबली. म्हणाली, "म्हणजे तो तिच्या घरी नोकर?" हो. फोनमधला अमर नायक मुलीला आपल्या वाड्यात घेऊन जातो. आपला अमर नायक मुलीच्या वाड्यावर शेणलेंड्या काढायला जातो. त्याला आपली ताकद दाखवायची नाही, लपवायची आहे. तिचं जग काय आहे ते त्याला मेंढरांच्या मागं चालत कळतं. मला यात फार मोठं काहीतरी दिसतं. प्रेम करायचं तर आधी दुसऱ्याच्या कामाची चव घ्यावी लागते, हे सांगायला इतकी साधी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

पण थांबा. गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग गोड नाही. या गड्यानं एके दिवशी बानूची सगळी मेंढरं मारून टाकली. ती रडायला लागली. तेव्हा तो म्हणाला, जिवंत करतो, पण माझ्याशी लग्न करायला हवं. तिनं कबूल केलं. भंडारा उधळला, मेंढरं उठली आणि लग्न झालं.

लहानपणी हे ऐकताना आम्ही टाळ्या पिटायचो. आज ऐकताना पोटात गोळा येतो. ज्या मेंढरांवर एका घराचं पोट आहे ती मारायची, आणि तीच परत देण्याच्या बदल्यात होकार मागायचा. देव झाला म्हणून काय झालं? आपल्या गोष्टी तेवढ्या सोज्वळ आणि परदेशातल्या तेवढ्या बिघडवणाऱ्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. मुलीला अडचणीत आणून मग तिचा तारणहार व्हायचं, ही युक्ती फोनमधल्या नायकानं शोधलेली नाही.

मग देव बानूला घेऊन जेजुरीला आला आणि म्हाळसेनं थयथयाट केला. दोघी सवतींच्या भांडणाची गाणी आजही वाघ्या-मुरळी रंगवून म्हणतात आणि लोक हसून लोळतात. एक म्हणते, ही मेंढरांच्या वासाची. दुसरी म्हणते, तुझ्या सोवळ्याचं मला काय? शेवटी तोड निघाली ती अशी. म्हाळसा वर गडावर, देवाशेजारी. बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर.

जेजुरीला गेला असाल तर ते देऊळ तुम्ही पाहिलं असेल. पायऱ्या चढताना धाप लागते तिथेच ते येतं. ज्यांनी धनगरांबरोबर पायी हिंडून हा सगळा परिसर अभ्यासला, ते जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर या दोन बायकांत दोन जगं पाहतात. म्हाळसा हे वस्तीचं, शेतीचं, बाजारपेठेचं जग. बाणाई हे रानाचं, कुरणाचं जग. देवाला दोन्ही हवीत, म्हणून तो दोन्हीकडे नातं जोडतो. त्याला एकूण पाच बायका सांगतात आणि त्या वेगवेगळ्या समाजांतल्या आहेत. म्हणजे प्रत्येकीच्या माहेरचे लोक म्हणू शकतात, हा आमचा जावई.

हे सगळं पटतं. तरी माझा प्रश्न राहतोच. जोडलं सगळ्यांना, पण बसवलं कुठे? पुढे बाणाईलाही गंगेचा अवतार म्हणायला लागले. साधी धनगराची मुलगी देवाची बायको असणं कुणाला तरी पचलं नसावं. 'ट्वायलाइट'च्या नायिकेनं माणूसपण सोडलं, बाणाईचं लोकांनी सोडवलं. अवतार झाली, तरी देऊळ काही वर सरकलं नाही.

रंगनाथ भावोजी

म्हैसूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर बिळिगिरी रंगनाथाचा डोंगर आहे. हा भाग 1997 पर्यंत म्हैसूर जिल्ह्यातच होता, आता चामराजनगर जिल्ह्यात येतो. दाट जंगल, वाघ, हत्ती आणि कड्याच्या टोकावर रंगनाथाचं देऊळ. या जंगलात सोलिग नावाचे आदिवासी राहतात. त्यांची गोष्ट ऐका.

रंगनाथ जंगलात फिरताना कुसुमाले या सोलिग मुलीच्या प्रेमात पडला आणि त्यानं तिच्याशी लग्न केलं. बस्स. पण त्यातून जे नातं तयार झालं ते सोलिगांनी आजतागायत सोडलेलं नाही. ते देवाला 'भाव' म्हणतात. कन्नडमध्ये भाव म्हणजे बहिणीचा नवरा, आपला भावोजी. देवळात जाताना तुम्ही-आम्ही हात जोडून जातो. सोलिग माणूस भावोजीच्या घरी जातो.

या देवाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. लोक सांगतात, देव रात्री त्या घालून जंगलात फिरतो, म्हणून तळवे झिजतात आणि नव्या कराव्या लागतात. मला ही चप्पल फार आवडते. अमर असला तरी चालून त्याची चप्पल झिजते. सासुरवाडीला पायीच जावं लागतं, तिथे चमत्कार चालत नाही.

तुम्ही म्हणाल, गोड गोष्ट आहे, पुढे काय? पुढे असं झालं की 1974 मध्ये हे जंगल अभयारण्य झालं. देवाच्या सासरच्यांना आतल्या वस्त्यांतून उठवून कडेला आणलं. त्यांची फिरती शेती बंद झाली, शिकार बंद झाली. मधाची पोळी, आवळे, कंद यांच्यावर जगणाऱ्या माणसांना आपल्याच रानात परवानगी मागायची वेळ आली. 2011 साली त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. पण त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली सोलिगांच्या ग्रामसभांना या जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ.

हे हक्क भावोजीनं मिळवून दिले असं मी म्हणणार नाही. कागद लागले, नकाशे लागले, वर्षानुवर्षं चिकाटी लागली. सोलिगांनी आपल्या पूजेच्या जागा, जुन्या वस्त्या, झरे, मोठमोठी झाडं यांचे नकाशे करून घेतले. पण एक मात्र खरं, की डोंगरावरचा देव आमच्या बहिणीचा नवरा आहे असं पिढ्यान् पिढ्या म्हणणारा माणूस, हे रान आमचं आहे हे सांगताना बिचकत नाही. कुसुमालेच्या गोष्टीनं तिच्या माणसांना एवढं नक्की दिलं.

स्वतःचा डोंगर असलेली

आता गोष्ट उलटी करू. म्हैसूर शहराच्या डोक्यावरच चामुंडी बेट्ट आहे. बेट्ट म्हणजे डोंगर. हजारेक पायऱ्या, वाटेत एकाच दगडातला प्रचंड नंदी आणि माथ्यावर महिषासुराला मारणारी चामुंडी. इथली अमर योद्धा बाई आहे.

डोंगरापासून सुमारे 25 किलोमीटरवर कपिला नदीच्या काठी नंजनगूडला नंजुंडेश्वर आहे, म्हणजे विष पचवणारा शिव. पुराणात या दोघांचं काय नातं असेल ते असो. इथल्या खेड्यांतल्या गाण्यांत नंजुंड चामुंडीच्या प्रेमात पडलेला आहे आणि त्याची लग्नाची बायको दोघांवर संतापलेली आहे. देवळातल्या पूजेत या प्रेमाला जागा नाही, पण बायकांच्या ओठांवर आहे.

मला यातली जागांची वाटणी महत्त्वाची वाटते. चामुंडी नंजनगूडला राहायला गेली नाही. तिचा डोंगर तिचाच राहिला. तिची बहीण उत्तनहळ्ळीला डोंगराच्या पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर. लढाईत त्या बहिणीचीच मदत झाली होती म्हणतात. प्रेम आहे, भांडण आहे, पण घर आपलं आणि बहीण जवळ. बाणाईला हे मिळालं नाही. कारण उघड आहे. चामुंडीच्या हातात शस्त्र होतं आणि पायाखाली स्वतःची जमीन.

गोष्ट खऱ्या मुलींवर लादली तर

इथवर सगळं गोष्टीतलं झालं. पण अमर योद्ध्याशी मर्त्य मुलीचं लग्न आपल्याकडे खरोखर लावलं जात होतं. त्या मुलींना आपण मुरळी म्हणतो.

नवस फेडायला, मूल जगावं म्हणून, कधी गरिबीपायी लहान मुलीचं लग्न खंडोबाशी लावून द्यायचे. खड्गाशी लग्न, हळद, भंडारा, सगळं. नवरा अमर, म्हणून ती कधी विधवा होणार नाही, असं त्याचं कौतुकही व्हायचं. पण नवरा घरी येत नाही, दाणापाणी आणत नाही, तिच्या बाजूनं बोलायला उभा राहत नाही. तिला कोण काय करतं हे विचारायला कुणी नाही. अमर नवऱ्याच्या या मर्त्य बायका कशा जगल्या असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता. बहुतेकजणी गरीब, दलित घरांतल्या होत्या हेही ध्यानात घ्या.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केलं आणि त्यातून या प्रथेविरुद्ध सतत लिहिलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही जेजुरीच्या मुरळ्यांचा प्रश्न हाती घेतला होता. 'सोमवंशीय मित्र'मध्ये एका मुरळीचं स्वतःचं पत्रही छापून आलं. देवाच्या बायकोनं स्वतः बोलणं, ही त्या काळात केवढी गोष्ट होती!

त्याच सुमाराला इकडे म्हैसूर संस्थानच्या सरकारनं 1909 साली आपल्या देखरेखीखालच्या देवळांतली देवदासींची सेवा बंद केली. पुढे मुंबई इलाख्यात 1934 चा कायदा आला, कर्नाटकात 1982 चा, महाराष्ट्रात 2005 चा. कायदे झाले ते बरंच झालं. पण देवळातून बाहेर पडलेल्या बाईनं पोट कशावर भरायचं, याचं उत्तर नुसत्या बंदीत नव्हतं. ते मिळायला फार उशीर लागला, आणि कित्येकींना ते मिळालंच नाही.

म्हणून मला वाटतं, या कथा वाचायला हरकत नाही, पण वाचताना एक डोळा तिच्यावर ठेवावा. आपण सगळे त्याच्याकडेच बघत बसतो. तो किती शूर, किती जुना, किती दुखावलेला. भाचीशी बोलताना आता मी नायकाबद्दल काही विचारतच नाही. विचारते ते एवढंच. तिनं हो म्हटलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं असतं का? तो तिच्या घरी कधी गेला का, की तिलाच उचलून आणलं? आणि शेवटी ती कुठे राहते? तिचं काम, तिच्या मैत्रिणी, तिची आई तिच्याजवळ आहेत का?

पहिल्यांदा तिनं डोळे फिरवले. मावशी, तू कथेची मजा घालवतेस, म्हणाली. मग एका रात्री स्वतःहून आली आणि फोन पुढे केला. "ही बघ. हिची आई पहिल्याच भागात मारून टाकली. म्हणजे विचारायला कुणी नकोच." मी काही बोलले नाही. तिला दिसायला लागलं होतं, तेवढं पुरे. आता तीच एक कथा लिहितेय. नायिका मेंढरं राखत नाही, पशुवैद्यकाचं शिकतेय. नायक अमर आहे, पण त्याला इंजेक्शनची भीती वाटते. पुढे काय होतं ते ती मला सांगत नाही.

तुमच्याही घरात कुणी रात्री पांघरुणात फोन घेऊन असल्या कथा वाचत असेल. फोन हिसकावून घेऊ नका. त्याऐवजी बाणाईची गोष्ट सांगा, मेंढरांचा भाग न गाळता. कुसुमालेची सांगा, चामुंडीची सांगा. मुलं समजूतदार मोठी झाली असतील तर मुरळ्यांचीही सांगा.

आणि पुढच्या वेळी जेजुरीला जाल तेव्हा अर्ध्या वाटेवर दम खायला सगळेच थांबतात, तुम्हीही थांबाल. तिथे भंडारा वाहताना त्या देवळातल्या बाईकडे जरा नीट बघा. वर पोचायची घाई असते खरी, पण तिच्या घरी आलोय तर दोन मिनिटं बसून जावं.